घरच्या घरी स्कीच्या कडांना धार लावणे : कोन किती ठेवावा आणि हात कुठे आवरावा?

इसारकाठ (४ जानेवारी, रात्री ९.४०)

नमस्कार. मी म्युनिकमध्ये राहतो आणि गेली सहा वर्षे हिवाळ्यात साधारण दर पंधरवड्याला गार्मिशला किंवा सीमा ओलांडून टिरोलमध्ये स्कीइंगला जातो. आजवर मी स्की दुकानातच देत आलो. कडा, तळ आणि मेण मिळून ४५ युरो पडतात आणि हंगामाच्या ऐन भरात चार-पाच दिवस थांबावे लागते, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मात्र गेल्या आठवड्यात दुकानातून आणलेली स्की घेऊन सकाळच्या टणक बर्फावर उतरलो, तेव्हा डावे वळण व्यवस्थित झाले आणि उजवे वळण घेताना डावी स्की ओल्या मोरीत पाय सरकावा तशी पायाखालून निसटली. घरी आल्यावर कडेवर आडवे नख ओढून पाहिले. सगळीकडे नखाचा पांढरा कीस निघत होता. डाव्या स्कीच्या आतल्या कडेवर मात्र, बरोबर बुटाखाली येणाऱ्या वीतभर भागात, काहीच निघत नव्हते.

म्हणून आता कानस, कोन धरणारा गाइड आणि तीन डायमंड स्टोन (हिऱ्याची पूड बसवलेले घासायचे दगड) असा संच मागवला आहे. गाइडवर ८६ पासून ९० पर्यंत आकडे आहेत, तर माहितीपत्रकात १, २, ३ असे अंश दिले आहेत. बाजूच्या कडेचा कोन किती ठेवावा, तळाच्या बाजूनेही कड घासावी का, आणि कानस वर्षातून किती वेळा चालवावी, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे ही विनंती.

व्हर्मांटवासी (४ जानेवारी, रात्री १०.०५)

तळाच्या बाजूला कानस लावू नका. सविस्तर उद्या लिहितो, पण तोवर संच घरी पोचला तर निदान एवढे पाळा.

लिमातकर (४ जानेवारी, रात्री ११.२०)

आकड्यांचा गोंधळ आधी दूर करू. ८८ आणि २ हा एकच कोन आहे. स्कीचा तळ आणि बाजू यांच्यात काटकोन असता तर तो ९० झाला असता. बाजू २ अंशांनी आत कलवली की ८८ उरतात. काही उत्पादक उरलेला कोन लिहितात, काही कलवलेला.

दुसरी गोष्ट अशी की, स्कीच्या कडेला दोन पृष्ठभाग असतात. ही कड म्हणजे तळाच्या काठाने बसवलेली पोलादाची पट्टी, ती जेमतेम २ मिलिमीटर रुंद असते. तिची बाजूकडची बाजू साधारण हौशी माणसाच्या स्कीवर ८८ वर, तर शर्यतीच्या स्कीवर ८७ किंवा त्याहून कमी कोनावर घासतात. तळाकडची बाजू तळाच्या पातळीपासून अर्धा ते एक अंश वर उचललेली असते. हा उचललेला अंश ठरवतो की, स्की किती कलवल्यावर कड बर्फात रुतायला सुरुवात होईल. बाजूचा कोन ठरवतो की, रुतल्यावर ती किती घट्ट धरील. गणित करायचे तर ९० मध्ये तळाचा १ मिळवा आणि बाजूचे २ वजा करा. प्रत्यक्ष पोलादाचा कोपरा ८९ अंशांचा निघतो. म्हणजे आपण ज्याला इतक्या कौतुकाने धार म्हणतो, तो जवळजवळ काटकोनच असतो.

माझा सल्ला असा की, आधी कोन निवडायला जाऊ नका, स्कीवर कोणता कोन आहे ते पाहा. काळ्या मार्करने बाजूची कड रंगवा, गाइड ८८ वर ठेवून अगदी बारीक डायमंड स्टोन एकदाच हलक्या हाताने फिरवा आणि भिंगातून पाहा. शाई पूर्ण रुंदीभर गेली असेल तर कोन जुळला. फक्त तळाजवळची गेली किंवा फक्त वरची गेली, तर गाइडचा आकडा बदलून पुन्हा पाहा. शाई फुकट आहे, पोलाद फुकट नाही.

कानस_मास्तर (५ जानेवारी, सकाळी ७.१५)

मी पुण्यात आयटीआयमध्ये २८ वर्षे फिटर ट्रेड शिकवला. स्की हा प्रकार मी फक्त डेन्व्हरला मुलाच्या गराजमध्ये पाहिला आहे आणि पायात एकदाही घातलेला नाही, त्यामुळे बर्फाविषयी माझे मत कोणी विचारू नये. कानशीविषयी मात्र विचारावे.

लिमातकरांनी जाता जाता जे लिहिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. विळीला असते ती धार आणि दाराच्या चौकटीला असते ती कड. विळी पाजवताना आपण दोन्ही अंगांनी पोलाद पातळ करत नेतो. स्कीला धार लावायची नसून कोपरा स्वच्छ करायचा आहे, आणि हे डोक्यात बसले नाही तर माणूस नकळत विळीसारखा घासत सुटतो.

आता हत्याराविषयी. कानशीचे दात एकाच दिशेने कापतात. मूठ बसवतो त्या शेपटीपासून टोकाकडे कानस ढकलली की ती कापते. उलट ओढताना दाबली तर दातच बोथट होतात, म्हणून परतताना उचलून आणावी. काही गाइडमध्ये कानस उलटी बसवून ओढत काम करतात, तेही चालते, फक्त दात कोणत्या तोंडाने आहेत ते पाहून बसवावी. दातांत कीस अडकला की तोच कीस पुढच्या फेरीत कडेवर ओरखडा पाडतो. तेव्हा दर पाच-सात फेऱ्यांनी तारेच्या ब्रशने दात झाडावेत आणि कानशीवर शाळेचा साधा खडू घासून घ्यावा, म्हणजे कीस चिकटत नाही. तेल अजिबात नको. स्की शेगड्यात पक्की धरल्याशिवाय कानस हातात घेऊ नये. मांडीवर स्की ठेवून कानस चालवणारा माझा मुलगा मी स्वतः पाहिला आहे आणि तेव्हा माझी २८ वर्षे वाया गेली असे मला क्षणभर वाटले.

या कामाला आठ इंची एकेरी दातांची कानस लागते. तिच्या खरखरीतपणाच्या प्रतीला जे इंग्रजी नाव आहे ते वर्गात उच्चारले की दरवर्षी मागच्या बाकांवर हशा पिकत असे. संपादक मंडळ ते नाव ठेवील की नाही याची खात्री नसल्याने मी ते येथे लिहीत नाही.

रॉकीजकर (५ जानेवारी, सकाळी ९.०२)

मास्तर, आपले चिरंजीव डेन्व्हरला असतील तर त्यांना एवढी धार कशाला लागते, हा माझा खरा प्रश्न आहे. मी कोलोरॅडोत ११ हंगाम काढले. येथील बर्फ कोरडा आणि मऊ असतो. माझ्या स्कीवर कानस वर्षातून एकदाही फिरत नाही. दगडाला लागून खरवड उठली तर ती डायमंडने उतरवतो, मेण लावतो आणि निघतो. अर्ध्या अंशावरून एवढी चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांना पायाखाली ८८ आणि ८७ यांतला फरक डोळे मिटून सांगता येईल?

व्हर्मांटवासी (५ जानेवारी, रात्री ८.३०)

रॉकीजकर, आपण आमच्याकडे या. जानेवारीत एक दिवस पाऊस पडतो, रात्री पारा उणे १५ वर जातो आणि सकाळी किलिंग्टनचा उतार असा असतो की, त्यात स्वतःचा चेहरा पाहून भांग पाडता येतो. डोळे मिटून फरक सांगता येईल. उलट उघडे ठेवायचीच भीती वाटते.

आता इसारकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. कानस पोलाद काढते आणि डायमंड ते काढल्यानंतरचा पृष्ठभाग गुळगुळीत करतो, असा फरक धरून चाला. टणक बर्फावर दिवस काढला की त्या रात्री ४०० आणि मग ६०० चा डायमंड (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) गाइडमध्ये बसवून प्रत्येक कडेवर तीन-चार फेऱ्या मारतो. सगळे मिळून दहा मिनिटे लागतात. डायमंड पाण्यात बुडवून वापरायचा, सुका नाही; नेमके कानशीच्या उलट. असे नियमित केले तर कानस हंगामातून एकदा, फार तर दोनदा लागते. जे लोक महिनोन्‌महिने काही करत नाहीत आणि मग एका रविवारी कानस घेऊन बसतात, त्यांच्या स्कीची पोलादी पट्टी तीन वर्षांत संपते.

दगडाला लागलेल्या जागेविषयी एक सूचना आहे. स्की दगडावरून गेली की घर्षणाने पोलाद क्षणभर तापते आणि लगेच बर्फात थंड होते, म्हणजे लोहार पाणी देतो तोच प्रकार होतो. तेवढी जागा आसपासच्या पोलादापेक्षा टणक बनते. तिच्यावर कानस घातली तर कानस घसरते आणि दात जातात. ती जागा आधी १०० च्या खरखरीत डायमंडने उतरवावी, मग कानस. कानस टणक जागेवर आली की आवाजच बदलतो. एरवीचा खसखस आवाज जाऊन काचेवर खिळा ओढल्यासारखे किंचाळणे ऐकू येते.

कानस_मास्तर (६ जानेवारी, सकाळी ७.०५)

लोहाराचा दाखला अगदी बरोबर आहे. मात्र एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. बाजूने घासले की पोलादाची केसाएवढी बर, म्हणजे घासताना उठलेला पातळ काठ, तळाच्या अंगाला वळते. ती दिसत नाही, बोट फिरवले की अडकते. ती काढली नाही तर नख छान तासले जाईल, गृहस्थ खूष होतील आणि पहिल्याच फेरीत बर मोडून त्या जागी बोथट कड उरेल. तेव्हा तळाला हात लावू नका, हा नियम शब्दशः पाळता येणार नाही.

व्हर्मांटवासी (६ जानेवारी, रात्री ९.१०)

मान्य. मी कानशीविषयी बोलत होतो. बर काढायला रबरी घासणी किंवा सर्वांत बारीक डायमंड पुरतो. तोही तळाच्या १ अंशाच्या गाइडमध्ये बसवून, हाताचा भार न देता, एकच फेरी. बर गेली की नाही ते पाहायला जुना नायलॉनचा मोजा कडेवरून फिरवावा. धागा अडकला तर बर आहे.

मेणबत्ती (६ जानेवारी, रात्री १०.४५)

तळाला कानस का लावू नये, याचा जिवंत पुरावा म्हणून मी लिहिते. आम्ही ग्रनोबलला राहतो. तीन वर्षांपूर्वी मीही असाच संच मागवला. गाइडला दोन तोंडे होती, एक बाजूच्या कडेसाठी आणि एक तळासाठी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्की आडवी बांधून, ती तळ वर करून ठेवलेली असताना, मी बाजूसाठीचा ३ अंशांचा कोन तळाच्या कडेवर चालवला. कीस सुंदर पडत होता. काळसर, बारीक, रव्यासारखा. दोन्ही स्की, चारही कडा मी मन लावून केल्या आणि नवऱ्याला बोलावून दाखवल्या.

शामरूसला पोचल्यावर लक्षात आले की स्कीला वळायचेच नाही. थोडी कलवली तर ती नुसती घसरे. आणखी कलवली तरी घसरे. आणि मग एका ठिकाणी अचानक कड लागून मी आडवी होई. दुपारपर्यंत मी स्वतःच्या गुडघ्यांना दोष देत होते. दुकानातल्या माणसाने स्कीवर पोलादी पट्टी आडवी ठेवून ती दिव्यासमोर धरली, तेव्हा दोन्ही टोकांना उजेडाची एवढी मोठी फट दिसली की मला काही विचारावेच लागले नाही. बाजूची चूक पुढच्या वेळी घासताना सुधारते. तळाची कड एकदा जास्त उचलली गेली की संपूर्ण तळ दगडी यंत्रावर घासून खाली आणावा लागतो, आणि असे घासणे स्कीच्या आयुष्यात मोजकेच वेळा परवडते. त्यात तळाची जी जाडी गेली ती गेली.

रॉकीजकर (७ जानेवारी, सकाळी ८.५०)

मेणबत्ती, इस्त्रीचाही काही किस्सा असेल तर तोही सांगून टाका.

मेणबत्ती (७ जानेवारी, सकाळी ११.३०)

आहे, पण ती इस्त्री सासूबाईंची होती आणि त्या हे संस्थळ वाचतात. मेणासाठी वेगळी इस्त्री घ्यावी, एवढेच लिहिते. कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान वरखाली होते, वाफेच्या भोकांत मेण बसते, आणि ते नंतर कोणत्या साडीवर उतरेल ते सांगता येत नाही.

गुलमर्गी_दादरकर (७ जानेवारी, रात्री ९.५५)

मी गुलमर्गला शिकलो आणि दरवर्षी फेब्रुवारीत जातो. पहिल्या वर्षी भाड्याने मिळालेल्या स्कीच्या कडा लाटण्यासारख्या गोल होत्या. अफरवटवरून गुडघाभर भुसभुशीत बर्फात उतरताना त्याने काही बिघडले नाही, उलट माझ्यासारख्या शिकाऊला त्या क्षमाशील वाटल्या. मार्चमध्ये मात्र दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठतो, आणि सकाळच्या पहिल्या गोंडोलातून वर गेलेल्या माणसाला कडांची किंमत कळते. तेव्हा रॉकीजकर आणि व्हर्मांटवासी यांचे भांडण एकाच डोंगरावर, एकाच महिन्यात, सकाळ-दुपारच्या अंतराने खरे ठरू शकते.

माझा प्रश्न असा आहे की, आमच्या तेथील एका जुन्या प्रशिक्षकाने सांगितले होते की, धार लावून झाल्यावर टोकाकडची आणि शेपटीकडची वीतभर कड मुद्दाम बोथट करावी. हे अजून करतात का?

लिमातकर (७ जानेवारी, रात्री ११.४०)

तो सल्ला सरळ स्कीच्या काळातला आहे. त्या स्की लांब असत, कंबर फारशी आत नसे, आणि वळण पाय घसरवून घेत. टोकाची तीक्ष्ण कड मध्येच अडकली तर माणूस फेकला जाई. १९९३ मध्ये एलान कंपनीची एससीएक्स ही स्की आली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्याच स्की मध्ये अरुंद व टोकांना रुंद झाल्या. अशा स्कीवर वळण टोकापासूनच सुरू होते, तेथली कड बोथट केली तर ज्यासाठी पैसे मोजले तेच पुसून टाकल्यासारखे होते. जो भाग बर्फाला टेकतच नाही, त्या वर वळलेल्या टोकाची कड रबराने मारली तरी पुरे. तीही वळणासाठी नव्हे, खांद्यावरून नेताना दुसऱ्याच्या जॅकेटसाठी.

पोलादी कडा मुळात आल्या त्या साल्झबुर्गहून. रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. पोलादाचे लहान लहान तुकडे लाकडी स्कीला स्क्रूने बसवलेले असत. प्रवासात तुकडा सैल होई, म्हणून लोक खिशात जादा तुकडे आणि स्क्रू बाळगत. त्या मानाने आपण मार्कर आणि भिंगावर भागवतो आहोत.

८७ की ८८ याविषयी माझे मत मात्र रॉकीजकर यांच्या विरुद्ध आहे. ८७ ची कड अधिक धरते हे खरे, पण ती लवकर बोथट होते आणि थकलेल्या पायांची चूक माफ करत नाही. विश्वचषकाच्या उतारांवर पाणी मुरवून बर्फ गोठवतात आणि शर्यतपटूची स्की रोज रात्री तंत्रज्ञ घासतो. ज्याच्या घरी रोज रात्री घासणारा कोणी नाही, त्याने ८८ वर समाधानी राहावे.

इसारकाठ (११ जानेवारी, दुपारी ४.१५)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संच गुरुवारी आला. रविवारी बाल्कनीत काम सुरू करणार होतो, पण येथे रविवारी शांतता पाळावी लागते आणि खालच्या मजल्यावरील आजींचे कान तीक्ष्ण आहेत, तेव्हा काल शनिवारीच उरकले.

लिमातकरांच्या सांगण्याप्रमाणे डाव्या स्कीची आतली कड मार्करने रंगवली आणि गाइड ८८ वर ठेवून ६०० चा डायमंड एकदा फिरवला. पुढच्या आणि मागच्या भागातली शाई साफ गेली. बुटाखालच्या त्या वीतभर भागात मात्र पोलादावरची शाई जशीच्या तशी, चकचकीत काळी राहिली, आणि डायमंडवर काळ्या शाईऐवजी पांढरा भुगा आला होता. हा भुगा कशाचा, हे मला सुचेना. शेवटी कड खिडकीकडे धरून भिंगातून पाहिली. पोलादाच्या वरची जी प्लॅस्टिकची बाजू आहे, ती तेवढ्या भागात पोलादापेक्षा किंचित बाहेर आलेली होती. डायमंड तिच्यावर टेकत होता आणि पोलादाला शिवतच नव्हता. दुकानातले यंत्रही बहुधा तिच्यावरूनच फिरून गेले असावे.

व्हर्मांटवासी (११ जानेवारी, संध्याकाळी ६.००)

सापडले! इतकी वर्षे धार लावली गेली, पोलाद थोडे थोडे आत गेले आणि प्लॅस्टिक जागच्या जागी राहिले. बुटाखाली ही प्लॅस्टिकची भिंत सर्वांत जाड आणि उभी असते, म्हणून तेथेच आधी आडवी येते. कोनाचा काही दोष नाही. प्लॅस्टिक तासायचा छोटा रंधा मिळतो, तो आणा. धार लावण्याआधी भिंत मागे घ्यायची, हे मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवे होते.

कानस_मास्तर (१२ जानेवारी, सकाळी ७.००)

रंधा टोकाकडून शेपटीकडे एका दमात ओढावा, मध्ये थांबू नये. थांबला तेथे पायरी पडते. आणि लांब, अखंड साल निघाली तर तिचा फोटो येथे टाकावा.

इसारकाठ (१८ जानेवारी, रात्री ९.२०)

मास्तर, तिसऱ्या प्रयत्नात हातभर अखंड साल निघाली. फोटो जोडला आहे. त्यानंतर शाई पुन्हा लावली, ती या वेळी सगळीकडून सारखी गेली. कानशीच्या चार फेऱ्या, मग २००, ४००, ६०० चे डायमंड, शेवटी तळाच्या अंगाने बर काढण्यासाठी एकच हलकी फेरी, आणि बायकोचा जुना मोजा. मोजा एका जागी अडकला, तेथे पुन्हा एक फेरी. एका कडेला ५० मिनिटे लागली. आज गार्मिशला पहिल्या लिफ्टने वर गेलो आणि उजवी वळणे मुद्दाम मोजून ३० घेतली. डावी स्की एकदाही सुटली नाही.

मेणबत्ती (१८ जानेवारी, रात्री ९.५०)

अभिनंदन! घासताना बुटाच्या पकडीजवळचे स्कीचे ब्रेक मागे बांधून ठेवले होते ना? ते कोणीच लिहिले नाही म्हणून विचारते. जाड रबर लावून ओढून धरावे लागतात, नाहीतर नेमके बुटाखाली गाइडच्या आडवे येतात.

इसारकाठ (१८ जानेवारी, रात्री १०.०५)

डाव्या स्कीला रबर लावले होते. उजवीच्या वेळी विसरलो. टाके पडले नाहीत, पण हा प्रतिसाद एका अंगठ्याने टंकत आहे.